जीके-सतरा आणि सुखदेवभाऊंची दवा

"प्लेट बंद करा," देशकर सर दारातूनच म्हणाले. "वास घेऊ नका. आधी सेफ्टी कॅबिनेटमध्ये ठेवा ती."

मी जिवाणू वाढवलेली प्लेट नाकाजवळ धरली होती. मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्यांची ही वाईट सवय. सरांच्या हातात सीक्वेन्सिंगचा रिपोर्ट होता, नुकताच प्रिंट काढलेला. सर आमचे विभागप्रमुख. सहसा आवाज चढवत नाहीत.

त्या हंगामात आम्ही धानाच्या बांध्यांमधली, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधली, माती गोळा करत होतो. मातीत फॉस्फरस असतो, पण अडकलेला. पिकाला मिळत नाही. काही जिवाणू तो मोकळा करतात. तसले जिवाणू शोधायचे, हा आमचा प्रोजेक्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीजवळच्या एका गावात सुखदेवभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीतली माती घेतली, तिच्यातून एक वेगळीच वसाहत उगवली. वसाहत म्हणजे एका जिवाणूपासून प्लेटवर वाढलेला ठिपका. हा ठिपका कोरडा, सुरकुतलेला, मळकट पांढरा होता. आम्ही त्याला जीके-सतरा नंबर दिला. ओळख पटवणाऱ्या मशीनला तो ओळखता आला नाही. नवी प्रजाती सापडली म्हणून मी आठवडाभर खुशीत होते.

मग हा रिपोर्ट आला. सोळा-एस नावाचा एक जीन सगळ्या जिवाणूंमध्ये असतो. तो वाचला की जिवाणूचं घराणं कळतं. जीके-सतराच्या घराण्यात मेलिओइडोसिस करणारा जिवाणू होता. हा आजार चिखलातून, पाण्यातून माणसाला होतो. ताप, खोकला, वजन घटणं. छातीच्या एक्सरेवर हुबेहूब टीबी दिसतो. टीबीच्या गोळ्यांनी मात्र तो बरा होत नाही.

"तोच आहे का, सर?" मी विचारलं.

"माहीत नाही. त्याच घराण्यात निरुपद्रवीही आहेत. या एका जीनवरून त्यांच्यात फरक करता येत नाही. पूर्ण जीनोम करू, त्याचे सगळेच जीन वाचू. तोपर्यंत लॅबबाहेर एक शब्द नको. आडनाव कळलंय, माणूस कळलेला नाही."

मला मात्र सुखदेवभाऊच दिसत होते. मी माती घ्यायला गेले तेव्हा ते धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून खोकत होते. पन्नाशीचा माणूस, शर्ट अंगावर लोंबत होता. शुगर होती. दोन महिन्यांपासून टीबीच्या गोळ्या चालू होत्या. त्यांची बायको पुस्तकलाबाई एकटीच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटत होती. मेलिओइडोसिस शुगर असलेल्यांनाच जास्त होतो, हे मी वाचलेलं होतं. चिखल, शुगर, खोकला. माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

जीनोमला दोन-तीन महिने लागणार होते. तेवढ्यात माणूस चुकीच्या औषधावर मरेल, असं मला वाटलं. रविवारी मी सरांना न सांगता गावाला गेले.

"भाऊ, तुम्हाला टीबी नसेलही," मी म्हणाले. "तुमच्या बांधीत एक जिवाणू सापडलाय. त्याचा आजार असाच दिसतो. नागपूरला जाऊन रक्ताचं कल्चर करून घ्या."

कल्चर म्हणजे रक्तातून जिवाणू वाढतो का ते पाहणं. मी चिठ्ठीही लिहून दिली.

"म्हंजे मातीचा रोग होय का हा?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"असू शकतो."

"मंग या दवेनं काऊन बरं नाई वाटून राहिलं, ते आता समजलं," ते पुस्तकलाबाईंना म्हणाले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. मलाही बरं वाटलं.

थुंकीची तपासणी झाली होती का, हा एक प्रश्न मी विचारला नाही.

महिनाभरानं गावातल्या आशाताईंचा फोन आला. घरोघरी औषधं पोचवण्याचं, गोळ्या घेतल्या का ते बघण्याचं काम त्यांचं.

"मॅडम, सुखदेवभाऊनं दवा बंद केली. तुमचंच नाव सांगते तो. मॅडमनं म्हनलं, हा टीबी नोहोय."

"मी बंद करायला नव्हतं सांगितलं."

"चालू ठेवा म्हनलं होतं का?"

मी विचारलं, "थुंकी तपासली होती का?"

"तपासली ना. पॉझिटिव्हच होती. कायले देतो आम्ही उगाच गोया?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी गाडीची चावी उचलली, आम्ही दोघं गावाला गेलो. सुखदेवभाऊ खाटेवर होते. नागपूरला ते जाऊन आले होते. कल्चरमध्ये काही वाढलं नव्हतं. पण 'आधी दवा खाल्ली म्हनून दिसला नसंल' असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. हेही माझ्याच तोंडचं वाक्य. निघताना मी ते सहज बोलून गेले होते.

सरांनी अर्धा तास त्यांना समजावलं. त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. अठरा दिवसांनी खोकताना रक्त आलं ते थांबलं नाही. गाडी गोंदियाला पोचायच्या आत सुखदेवभाऊ गेले.

डॉक्टर म्हणाले, शुगर होती, फुप्फुसं आधीच खराब झाली होती, गोळ्यांचा खंड पडला नसता तरी सांगता येत नाही. ते चांगल्या मनानं बोलले.

जीनोमचा रिपोर्ट धानकापणीच्या दिवसांत आला. पूर्ण जीनोम ज्ञात प्रजातींशी जोडून बघतात. जुळणी पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली गेली की सहसा नवी प्रजाती मानतात. जीके-सतरा सगळ्यांशी त्याच्या खालीच होता. रोग करणारे जीन त्याच्यात सापडले नाहीत. नवा होता आणि, दिसत होतं त्यावरून, निरुपद्रवी होता.

पुस्तकलाबाईंना हे सांगायला मी गेले. सर म्हणाले होते, जाऊ नका. तरी गेले. त्या अंगणात धान वाळवत होत्या.

"मातीत वाईट काही नव्हतं, काकू. माझा अंदाज चुकला."

त्या हातानं धान पसरवत राहिल्या.

"त्याईले लई भरोसा होता तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "म्हनत, डॉक्टर बांधीत उतरत नाई, मॅडम उतरली."

मी उभीच होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. थोड्या वेळानं मी निघाले.

पुढची कामं रीतसर झाली. नव्या प्रजातीचा शुद्ध नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहालयांत जमा करावा लागतो, तसा केला. नावात गावाचा उल्लेख करावा, असं सरांनी सुचवलं. मी नको म्हटलं. सुरकुतलेल्या वसाहतीवरून एक लॅटिन नाव दिलं. पेपर छापून आला. कॉलेजनं सत्कार ठेवला, त्या दिवशी मी रजा घेतली.

विद्यार्थी विचारतात, पेपरमध्ये सगळ्यांत अवघड काय असतं? मी त्यांना जीनोमची जुळणी समजावून सांगते. वर्गात तेवढंच सांगता येतं.

इथे उरलेलं लिहिते. मातीचं निदान करणाऱ्यानं माणसाचं निदान करू नये. शंका आलीच, तर आधी त्याच्या डॉक्टरांना फोन करावा. आरोग्य केंद्राचा नंबर बाहेरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेला आहे. त्या रविवारी मी त्या भिंतीसमोरूनच गेले होते.