बाम्बर्गमधली दारावरची पाटी

हाइडरून ल्युडेकेने ब्राउनश्वाइग शहरात अठ्ठावीस वर्षं बस चालवली. सुरुवातीला डेपोत बायका तीनच होत्या. पुरुष ड्रायव्हर तिच्या बसच्या आरशावर शेंदरी लिपस्टिकने हृदयं काढून ठेवायचे; हाइडरून ती पुसायची आणि वेळेवर निघायची. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "फोल्कर, आता मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. बटाटे आणायलासुद्धा ट्रामने जाईन."

तिचा हा निश्चय दोन वर्षं टिकला.

फोल्कर साखर कारखान्यात काट्यावर होता. बिटाच्या गाड्या तोलण्यात जन्म गेला, पण मन कायम नकाशात. निवृत्त झालो की मोठी गाडी घ्यायची, तिच्यातच राहायचं, खायचं, झोपायचं आणि समुद्राच्या कडेकडेने सारा युरोप फिरायचा, हे त्याचं पालुपद लग्न झाल्यापासूनचं. संसाराला बेचाळीस वर्षं झाली होती. गाडी घेतली, तीही चांगली जुनी आणि दणकट. आणि त्याच हिवाळ्यात त्याचे डोळे गेले. अगदी आंधळा झाला नाही. पण जिथे बघावं तिथेच मधोमध काळा डाग, आणि कडेकडेचं तेवढं दिसे. माणूस ओळखू येई चालीवरून. अक्षर मात्र एकही लागेना.

"राहू दे मग," तो म्हणाला. "विकून टाकू गाडी."

तो हे ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजाने हाइडरूनचा घात केला. एप्रिलमध्ये ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली.

पाच महिने तिने गाडी हाकली. फ्रान्सचा किनारा, स्पेन, पोर्तुगाल, परत फिरून इटली, पुढे स्लोव्हेनिया. वाट फोल्करला तोंडपाठ होती. "आता डावीकडे चर्च येईल, त्याच्या पुढे उतार." आणि चर्च यायचं. हाइडरूनला नवल वाटायचं. लोक निवृत्तीनंतर दारू पितात, कबुतरं पाळतात. आपल्या माणसाने नकाशे पाठ केले, म्हणून तिला अभिमानही वाटायचा. पोर्तुगालच्या एका कोळीवाड्यात तो धक्क्याच्या भिंतीला हात लावून तासभर बसून राहिला. स्लोव्हेनियातल्या पिरान गावात एका कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान होतं, तिथे म्हणाला, "इथे बेकरी असायची."

"तुला रे कसं माहीत?"

"वाचलं होतं कुठेतरी."

तिने पुढे विचारलं नाही. तिचे गुडघे दुखत होते आणि पाण्याची टाकी भरायची होती.

सप्टेंबरच्या मध्यावर ते ऑस्ट्रियातून वर आले. तिथून सरळ घर गाठायचं, तर फोल्करने बाम्बर्गचा हट्ट धरला. शेवटचा मुक्काम तिथेच करायचा, त्याशिवाय प्रवास पुरा होणार नाही म्हणाला. नदीकाठच्या तळावर गाडी लावून ते शहरात गेले. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट मागितला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा. जेवताना त्याने तिथली ती धुरकट चवीची बिअर मागवली आणि अर्धी तशीच ठेवली. मग म्हणाला, "माळ्यांच्या आळीत जायचंय. एक घर बघायचंय."

घर चौमजली, पिवळं. दाराशी बेलच्या बटणांची रांग आणि प्रत्येकापुढे नावाची पाटी. फोल्करने मान तिरपी करून कडेच्या नजरेने बघायची खटपट केली. मग मुकाट्याने बाजूला झाला.

"जरा वाच ना. एम. ओट असं आहे का कुठे?"

"एम. म्हणजे?"

"मारलीस."

"ही मारलीस कोण?"

समोरून एक बाई कांद्याच्या पातीच्या जुड्या सायकलला लावून गेली, ती वळणाआड होईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "तुझ्या आधीची गोष्ट आहे. सत्याहत्तर साल. तिच्याकडे एक जुनी गाडी होती. ती ह्याच घरात वाढली. इथूनच निघालो आणि इथेच येऊन संपलं."

हाइडरूनला आधी धक्क्याची भिंत आठवली, मग बेकरी. एकेक ठिकाण आपल्या जागी जाऊन बसलं.

"म्हणजे मी पाच महिने तुला तिच्या वाटेने फिरवलं?"

"तसं नाही गं."

"तिची वाट नाही?"

"आमची," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. त्या क्षणी सुचलं नाही एवढंच.

"आणि आता काय करणार आहेस? बेल वाजवून काय सांगणार, बायकोने आणून सोडलं म्हणून?"

"काही नाही. नुसता आवाज ऐकायचा होता. पुढे मला काय दिसणार आहे, हाइडरून?"

ती पाट्यांकडे वळली. वरून तिसरी पाटी हाताने लिहिलेली होती, हिरव्या शाईत, म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या अक्षरात. एम. ओट. हाइडरूनने सगळी नावं वरपासून खालपर्यंत मोठ्याने, सावकाश वाचली, बसमध्ये थांब्यांची नावं सांगावीत तशी. ते एक गाळलं.

"नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"माझे डोळे चांगले आहेत, फोल्कर."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. रडला नाही. थोड्या वेळाने त्याने सवयीप्रमाणे तिच्या दंडाला धरलं, आणि तिने त्याला बस थांब्यापर्यंत सांभाळून नेलं, वाटेतले खड्डे सांगत सांगत.

दुसऱ्या दिवशी घरापर्यंतचा रस्ता तिने कुठेही न थांबता कापला. तो मध्येच म्हणाला, "बरंच झालं. नाद सुटला एकदाचा." आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला तो हात झिडकारावासा वाटला, पण ट्रक ओलांडायचा होता.

तोंड दाबून बसण्यात तिने महिना काढला. आपण केलं ते बरोबर होतं, असं ती रोज सकाळी स्वतःला बजावायची. दुपारपर्यंत ते पुरायचं नाही. फोल्कर मात्र तिच्याशी कधी नव्हे इतका गोड वागू लागला होता. त्याचाच तिला जास्त राग यायचा. हा गोडवा तिच्या वाट्याला आला होता तो दुसरीकडे दार बंद होतं म्हणून, आणि ते दार बंद कुणी केलं हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

ऑक्टोबरात शेजारच्या कासुल्केबाई प्लमचा केक घेऊन आल्या. कॉफी झाली, प्रवासाच्या गप्पा निघाल्या. फोल्कर रंगात आला.

"आमच्या हाइडरूनने माझ्या जन्माचं सार्थक केलं बघा," तो म्हणाला. "एका शब्दाने कुरकुरली नाही."

"नशीबवान आहात," कासुल्केबाई म्हणाल्या. "आमचे हे मला बाजारापर्यंत सोडत नाहीत."

"पाटी होती तिथे," हाइडरून म्हणाली.

कासुल्केबाईंना वाटलं, कसल्या तरी रस्त्याच्या पाटीबद्दल चाललंय. "कुठे?" त्यांनी विचारलं.

हाइडरून नवऱ्याकडे बघत होती. "वरून तिसरी. हिरव्या शाईने लिहिलेली."

फोल्कर हातातला काटा बशीत ठेवायला गेला. बशीची कड त्याला नीट सापडली नाही, काटा टेबलावर पडला. "केक छान झालाय, कासुल्केबाई," तो म्हणाला, आणि खुर्ची, कपाट, चौकट चाचपत आतल्या खोलीत गेला.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं पुढे तिला कित्येकदा वाटलं. त्या दिवसापासून त्याने तिला काही वाचून दाखवायला सांगणं बंद केलं. वर्तमानपत्र गेलं, त्या जागी रेडिओ आला. औषधांच्या बाटल्यांना त्याने रबरबँड गुंडाळले, सकाळच्या औषधाला एक आणि रात्रीच्याला दोन. डॉक्टरची पत्रं तो कासुल्केबाईंकडे घेऊन जाई. त्याने त्यांच्याकडून बाम्बर्गला पत्र लिहून घेतलं की नाही, हे हाइडरूनला कधी कळलं नाही. टपालपेटी मात्र ती रोज स्वतः उघडून बघायची. तिकडून काही आलं नाही.

मला परत घेऊन चल, असं तो एक दिवस म्हणेल, याची ती हिवाळाभर वाट बघत होती. म्हणाला असता तर तिने गाडी काढली असती की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो म्हणालाच नाही.

वसंतात गाडी विकली. घ्यायला एक तरुण जोडपं आलं होतं. मुलीने गाद्यांखाली हात घातला तर बोटांना वाळू लागली. ती हसून म्हणाली, "लांबवर फिरून आलेली दिसते. कुठे कुठे गेला होतात?"

"त्यांना विचार," हाइडरून खिडकीकडे बोट दाखवत म्हणाली. आत फोल्कर रेडिओशी बसला होता. "मी नुसती ड्रायव्हर होते."

मग तिने किल्ल्या मुलीच्या हातात दिल्या आणि गिअर जरा अडतो, हेही सांगितलं.