आई खडवलीला उतरली

डोंबिवलीत बसायला जागा हवी असेल तर माणूस आधी उलटा जातो. जायचं असतं ठाण्याला, पण पकडायची कल्याणची गाडी. कल्याणला सगळे उतरले तरी आपण जागचं हलायचं नाही. तीच गाडी मागे फिरते आणि आपण खिडकीशी बसून, आपल्याच स्टेशनावर ताटकळणाऱ्यांकडे बघत, आरामात पुढे जातो. बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटतो. आमच्याकडे याला अक्कल म्हणतात, आणि ती माझ्या आईइतकी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच नव्हती. तीस वर्षं तिने नोकरी केली ती अशी उलटी जाऊनच. कुठली गाडी कल्याणलाच संपते आणि कुठली पुढे कसाऱ्याकडे जाते, हे ती बिल्डिंगमधल्या नव्या सुनांना बोलावून शिकवायची.

त्यामुळे गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यासाठी ठाण्यात कोपरीतल्या एका डॉक्टरांची दुपारची वेळ मिळाली, तेव्हा मी सकाळी ऑफिसला निघता निघता म्हटलं, "तू उलटी जा आणि बसून ये. मी ठाण्याला स्टेशनातल्या पुलाखाली उभी राहते."

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली.

खरं तर अर्धी रजा टाकून मीच तिला घेऊन जायला हवं होतं. पण त्या महिन्यात दोन रजा झाल्या होत्या आणि साहेबांच्या कपाळावरची आठी मला नको होती. शिवाय आई माझ्यावर डाफरली की ती ठणठणीत आहे असं मी धरून चालायचे. मी स्वभावाने भित्री आणि तोंडाने फटकळ, आणि भीती वाटली की आधी दुसऱ्यावर ओरडून घेते. त्या सकाळी मात्र ओरडावं असं काहीच वाटलं नाही.

पावणेअकराला तिचा फोन आला. गाडीत बसले, खिडकी मिळाली, फाईल घेतली आहे. मी हिशेब केला, कल्याणला गाडी फिरून ठाण्याला यायला पाऊण तास, फार तर तास. साडेअकराला मी ऑफिसमधून निघून पुलाखाली जाऊन उभी राहिले. एक गाडी आली, दुसरी आली. बायकांच्या डब्यातून उतरणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या केसांकडे मी बघत होते. तिसऱ्या गाडीनंतर फोन लावला. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन बंद असता तर मी बॅटरीला शिव्या घातल्या असत्या. वाजतोय आणि कुणी उचलत नाही, याला काय म्हणायचं ते मला सुचेना.

आमच्याकडे घरचं माणूस वेळेवर आलं नाही तर 'अपघात' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'गाड्या लेट असतील' म्हणायचं असतं. मीही तेच म्हटलं आणि मोबाईलवर बघितलं. गाड्या अगदी वेळेवर होत्या. त्या वेळेवर आहेत म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

तेवढ्यात फलाटावर घोषणा झाली, हमालांनी स्ट्रेचर घेऊन यावे. ही घोषणा मी शेकडो वेळा ऐकली असेल. ऐकते आणि चहाचा पुढचा घोट घेते. त्या दिवशी हमाल कुठून येतात ते मी शोधू लागले. दोन हमाल रिकामं स्ट्रेचर घेऊन समोरून चालत गेले, घाई न करता, आपसात बोलत. मी त्यांच्या मागे निघाले. पलीकडच्या फलाटावर एक तरुण माणूस चक्कर येऊन पडला होता. तो आई नव्हता याचा मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभी राहून रडले. त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही, याची लाज आजही वाटते.

स्टेशन मास्तरांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आत जाऊन विचारलं तर ते वही उघडतील, आणि वहीत काही असलं तर? उंची किती, साडी कुठल्या रंगाची, असं विचारतील. साडी कुठली नेसली होती ते मला आठवत नव्हतं. सकाळी मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

सव्वाबाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी तो उचलला नाही. हातात धरून वाजू दिला. जोवर उचलत नाही तोवर काही झालेलं नाही, एवढंच डोक्यात होतं. तो बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. तेव्हा घेतला.

"ताई, तुमच्या आई खडवलीला हायेत, माझ्याजवल," एक बाई म्हणाली. "बऱ्या हायेत. घाबरू नका, पन न्यायला या."

खडवली म्हणजे कल्याणच्याही पुढे, कसाऱ्याच्या रस्त्यावर. म्हणजे आई चुकून कसारा गाडीत बसली होती. ऐकलं आणि जिवात जीव आला, आणि पाठोपाठ संताप. ठाण्याहून कल्याण आणि तिथून गाडी बदलून खडवली, सगळा वेळ मी मनात तिला झापत होते. साऱ्या बिल्डिंगला अक्कल शिकवतेस आणि स्वतः गाडीवरचं नाव वाचत नाहीस. फोन काय शोभेला दिलाय का. टिटवाळ्यापर्यंत माझं भाषण तयार होतं.

खडवलीचा फलाट दुपारचा जवळजवळ रिकामा होता. आई बाकावर बसली होती, फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून. शेजारी ती बाई. कल्याणच्या एका दवाखान्यात साफसफाईचं काम करते, रात्रपाळी संपवून घरी चालली होती. "माझ्या मागून उतरल्या आन हितंच बसल्या. मला वाटलं कुनाची वाट बघतायत. बाजार करून परत हितून जाताना बघते तं तशाच. फाईलीवर तुमचा नंबर व्हता." जागरणाने तिचे डोळे लाल झाले होते. मी पैसे काढायला लागले तर ती रागावली आणि निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मी आईशेजारी बसले. "फोन का नाही उचललास?"

"वाजत होता," आई म्हणाली. "पण तू विचारलं असतंस, कुठे आहेस. मी काय सांगणार होते?"

मग ती समोरच्या रुळांकडे बघत हळूहळू बोलली. कल्याणला तिला कळलं होतं की ही गाडी फिरणार नाही, पुढे जाणार आहे. ती उतरायला उठलीही होती. तेवढ्यात दारातून चढलेल्या मघाच्या त्या बाईने, बायकांच्या डब्यात सगळ्याच विचारतात तसं, जागेसाठी विचारलं, "मावशी, कुठं उतरनार?"

"आणि मला सांगता येईना गं. कुठे जायचंय, कशाला निघालेय, घर कुठे, काहीच येईना. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणून मी परत खाली बसले. म्हटलं, ही विचारतेय, हिला माहीत असेल. ही उतरेल तिथे उतरावं."

"आता आठवतंय?"

"आता सगळं आठवतंय. गुडघा, कोपरी, बारा वाजताची वेळ." तिने फाईल आणखी घट्ट धरली. "गेल्या महिन्यात भाजी आणायला गेले होते, तेव्हाही झालं होतं. तुला सांगितलं नाही."

कल्याणकडे जाणारी गाडी दुरून दिसू लागली. टिटवाळ्यापर्यंत रचलेल्या भाषणातला एक शब्दही मला सापडेना. मी तिच्या हातातून फाईल घेतली, तिची चप्पल पायाशी नीट लावली, दंडाला धरून तिला हळूच उठवलं. तिने कधी कुणाला दंड धरू दिला नव्हता. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू रागवत का नाहीस?" ती म्हणाली. "अगं, रागव ना मला, नेहमीसारखी."