म्हणा, सोडला

"हा पहा आमचा गुलाम!" पाटील माईकवर म्हणाला आणि अख्खं सभागृह हसलं.

स्टेजवर माझा बाप उभा होता. चपला पायरीखाली काढून, हात जोडून. खुर्च्या लावायला त्याला गावाहून ट्रॅक्टरमध्ये बसवून आणलं होतं. भाषण रंगात आलं तसं पाटलानं त्याला हाक मारून वर घेतलं.

"काय रे, तुले कोणी बांधून ठेवलं काय?"

"नाही मालक."

"मंग कावून राह्यतं माह्याकडे?"

"माह्या मनानंच राह्यतो, मालक."

पुन्हा हशा. टाळ्या. बाप पाटलाहून दहा वर्षांनी मोठा. तरी "काय रे".

मी तिसऱ्या रांगेत होते. इतिहास घेऊन एम.ए. करत होते. कॉलेज अमरावतीतलं, पाटलाच्याच संस्थेचं. व्याख्यानाचा विषय, 'जगातले धर्म आणि गुलामगिरी'.

आणि भाषण लिहून दिलं होतं मी. पाटील संस्थेचा अध्यक्ष; त्याला बोलायचंय, त्याच्या सालदाराची पोरगी इतिहास शिकते, मग तिलाच जुंपा, असं ठरलं. महिनाभर लायब्ररीत बसून मी टिपणं काढली. यहुद्यांच्या जुन्या कायद्यात सातव्या वर्षी गुलाम मोकळा व्हायचा. पण मालकाला सोडून जात नाही म्हणाला, तर दाराशी उभं करून त्याचा कान टोचायचे. मग तो जन्माचा गुलाम. ख्रिस्ती धर्मगुरूंनी दासांना मालकाच्या आज्ञेत राहायला सांगितलं, आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणारेही त्याच धर्मातून निघाले. इस्लामात गुलाम मुक्त करणं मोठं पुण्य, पण ठेवायला मनाई नव्हती. पाटलाच्या धर्मशास्त्रात दासांचे सात प्रकार. युद्धात धरलेला, विकत घेतलेला, वारशानं आलेला, नुसत्या जेवणावर राबणारा, घरातच जन्मलेला... सगळं लिहून दिलं.

पाटलानं इतरांची पानं चवीनं वाचली. स्वतःचं पान कागदांखाली सरकवलं आणि म्हणाला, "आपल्याकडे गुलाम कधी नव्हताच. आपला सालदार म्हणजे घरचा माणूस."

एक पान मीही दिलं नव्हतं. आम्ही बौद्ध. भिक्खूसंघाचा जुना नियम सापडला. दासाला मालकानं सोडल्याशिवाय संघात घेऊ नये. आमच्याही दारात मालकाची परवानगी! ते पान मी वहीत लपवलं. मी माझी लाज झाकली, पाटलानं त्याची. पण त्याची लाज झाकायला माझ्या बापाचे जोडलेले हात लागले.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी; त्याची रीत सांगते. पाडव्याला एक साल संपतं, नवं ठरतं. त्या दिवशी सालदार दुसऱ्याकडे जायला मोकळा, असं म्हणतात. पण तिवसा भागातल्या आमच्या गावांत जुना मालक चारचौघांत "सोडला" म्हणत नाही, तोवर दुसरा कोणी त्याला दारात उभं करत नसे. बापानं दोन पाडवे तो शब्द मागून पाहिला. "पाहू पुढच्या साली," पाटील म्हणायचा. ती कापूस बुडण्याची वर्षं होती. पाटलाच्या ओसरीवर पुढारी येत, पेपरवाले येत, त्याच्या दुःखाचे फोटो छापून येत. त्याच्या गोठ्यात फुकट शेण काढणाऱ्या माझ्या मायचा फोटो कुणी काढला नाही.

त्या हशातच मी उठले. वहीत लपवलेलं ते पान काढलं आणि आधी तेच वाचलं, मोठ्यानं. मग पाटलाचे सातही प्रकार म्हटले, पाठच झाले होते. प्राचार्य "खाली बस, खाली बस" करत धावले.

"मालक," मी म्हटलं, "बाबा गुलाम नाही ना? मंग या माईकवर म्हणा, सोडला."

पाटील हसला. "अवं पोरी, धरलं कोणं त्याले?"

"मंग म्हणून टाका ना. एकच शब्द हाय."

पुढच्या रांगेत बाहेरगावचे पाहुणे, पेपरवाले. पाटलानं रुमालानं मान पुसली. बापाकडे पाहिलं, नेहमीच्या दटावणाऱ्या डोळ्यांनी. बापानं मान खाली घातली नाही. त्याचे हात सुटे झाले होते.

"सोडला," पाटील पुटपुटला.

"माईकवर, मालक."

हे मी नाही, माझा बाप म्हणाला.

"सोडला! सोडला जाय!" पाटील ओरडला. बाप खाली उतरला, चपला घातल्या, आणि खुर्च्या आवरायला न थांबता माझ्यासोबत बाहेर पडला.

संध्याकाळपर्यंत आमचं सामान गावच्या रस्त्यावर होतं. कॉलेजातून माझं नाव कमी झालं. आम्ही अकोल्याला गेलो. जुन्या शहरात एका पिंजाऱ्याच्या दुकानात बाप कापूस पिंजायचं काम मागायला उभा राहिला. दुकानवाल्या चाचांनी एवढंच विचारलं, "रुई धुनना आता है क्या?" बाप नाही म्हणाला. "सीख जाओगे." कोणी सोडलंय का, हे त्यांनी विचारलं नाही. बाप शेवटपर्यंत तिथेच होता. मी एम.ए. दुसरीकडून केलं. आज इतिहास शिकवते.

पाटील मागच्या महिन्यात मेला. त्याचा मुलगा स्मृतिग्रंथ काढतोय. त्याचं मला पत्र आलं: 'वडिलांनी तुमच्या कुटुंबाला घरच्यासारखं वागवलं, त्यावर दोन पानं लिहून द्यावीत.'

ही घ्या दोन पानं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. मी लिहिलं आणि लिहिताना मला बरं वाटलं. तुमच्या वडिलांना मी अरेतुरे केलंय, ते दुरुस्त करू नका. नाही छापलंत तर प्रकाशनाच्या दिवशी मी त्याच सभागृहात येईन आणि त्याच माईकवर वाचीन. आधी माझ्या धर्माचं पान, मग तुमचं. तुमच्या वडिलांना मी सोडणार नाही.