हिरड्यांचे मार्क

माझ्या मुलीने माझ्या तोंडात आरसा घातला तेव्हा तिच्या मागे अकरा विद्यार्थी उभे होते.

केतकी तेव्हा पळस्प्याच्या पुढे एका डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. आदल्या दिवशी जेवताना म्हणाली, "उद्या मॅडमना ज्युनियर्सना निरोगी हिरड्या दाखवायच्या आहेत. कुणी मिळत नाहीये."

"मी आहे ना," मी म्हणालो. चौपन्नाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, डेंटिस्टची पायरी कधी चढलेली नाही. खांदा कॉलनीत (निदान आमच्या मजल्यावर) हा विक्रम होता.

"ब्रश करताना रक्त येतं का रे बाबा?"

"अजिबात नाही."

येत होतं. दोन वर्षं येत होतं. जिथून येई तिथे ब्रश फिरवणंच मी सोडून दिलं होतं. बाकीच्या दातांना लाल मंजन लावत होतो, म्हणजे बेसिन कशाने लाल झालं ते घरात कुणाला कळू नये. या युक्तीचाही मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातल्या खुर्चीत आडवा झालो. पांढरा कोट घालून केतकी आली आणि म्हणाली, "आ करा." करा! घरी 'बाबा, सरक' म्हणणारी मुलगी. माझा ऊर भरून आला आणि आ आपोआप मोठा झाला.

तिने एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घातली आणि आकडे सांगू लागली. शेजारी मैत्रीण लिहून घेत होती. "पाच. सहा. पाच."

दहापैकी असावेत. ठीक आहे. मग ती दाढांकडे वळली. "सात. सात. आठ." मुलं पुढे वाकली. कुणीतरी 'बापरे' म्हणालं. मी उघड्या तोंडाने जमेल तितका नम्र चेहरा केला.

तोंड मोकळं झाल्यावर मी मॅडमना विचारलं, "दहा कुणाला मिळतात?"

"काका, हे मार्क नाहीत, मिलिमीटर आहेत," त्या म्हणाल्या. "हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे ते मोजतात. तीनपर्यंत ठीक."

"पण माझे दात?"

"दात उत्तम आहेत. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजतंय. असंच चाललं तर न किडलेले दात तुमच्या हातात येतील."

केतकीचे कान लाल झाले होते. तिने मास्क खाली केला. "मॅडम, हे माझे वडील. मी आधी तपासायला हवं होतं. घरचा माणूस म्हणून विश्वास ठेवला." मग ती मुलांकडे वळली. "रक्त येतं तिथे ब्रश थांबवायचा नाही, तिथेच हलक्या हाताने नीट फिरवायचा. कीटण एकदा घट्ट झालं की ब्रशने निघत नाही, ते आपल्याला काढावं लागतं. आणि अशा पेशंटची शुगर तपासून घ्यायची."

हातात कागद नाही, आवाजात कंप नाही. मी शरम विसरलो. टाळ्या वाजवल्या. (एकट्याने.)

घरी बायको वाट बघत होती; केतकीने फोनवर तिला सगळं सांगितलं होतं. तिचं माहेर उरणचं. रागावली की बोली माहेरची येते. "पोरीशी खोटं बोलायला लाज हाय का नाय तुमाला?"

पुढे चार वेळा त्याच खुर्चीत गेलो. मॅडमच्या देखरेखीखाली केतकीनेच हिरड्या बधिर करून खालपर्यंतचं कीटण खरवडून काढलं. शुगरही वाढलेली निघाली, तिचं औषध सुरू झालं. झिजलेलं हाड परत येत नाही, पण तीन महिन्यांत रक्त थांबलं आणि दात जागच्या जागी राहिले.

मॅडमनी माझ्या हिरड्यांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो वर्गात दाखवायची परवानगी मागितली. मी लगेच सही केली. पोरगी डॉक्टर आणि बाप पडद्यावर, हे मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतो.

परवा केतकीला विचारलं, "मुलं काय म्हणतात गं फोटो बघून?"

"नंतरचा बघून काहीच नाही. आधीचा बघून मात्र सगळी त्या रात्री दोनदा ब्रश करतात."

माझ्या तोंडामुळे कुणी सुधारल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.