पाठीवरचा निळा डाग

मँचेस्टरला आम्ही एका चिनी टेकअवेच्या वर राहायचो, एक खोली आणि मोरीएवढं किचन. नवरा इंडियन रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर होता. मी नववीतनं शाळा सोडलेली, इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू. मुलगी तिथंच झाली, तेव्हा मी वीस वर्षांची.

खाली टेकअवेच्या किचनमध्ये एक चिनी बाई काम करायची. चीनमधल्या कुठल्यातरी गावची होती. नाव तिनं सांगितलेलं, पण मला ते नीट म्हणता यायचं नाही म्हणून मी काहीच म्हणायची नाही, ती मला सिस्टर म्हणायची. सकाळी दहाला यायची ते दुकान बंद होईपर्यंत, दीड वर्षाची धाकटी मुलगी पाठीला कापडानं बांधलेली, स्वतःचं तोंड तळणीकडं. हातावर तेलानं भाजल्याचे डाग, जुने पांढरे, नवीन लाल. तिचा नवरा दुसऱ्या गावात अशाच किचनमध्ये, पंधरा दिवसांनी यायचा.

मी बाळंत होऊन आले तर ही जिना चढून वर आली, आल्याचं गरम सूप घेऊन. "यू ड्रिंक. नो कोल्ड वॉटर. नो वॉश हेअर, वन मंथ." आई फोनवर हेच सांगायची, गार पाण्यात हात घालू नको, डोकं भिजवू नको. मला बरं वाटलं, म्हटलं चला, आपलंच कुणीतरी आहे.

मालीश पण आईनंच फोनवर शिकवलं. दाबून चोळ, पोरी, घाबरत चोळलंस तर हाडं घट्ट होत नाहीत. फोनकार्ड संपत आलेलं असायचं, म्हणून ती भरभर सांगायची आणि मी रोज तसंच करायची.

सहा आठवड्यांनी बाळाचं वजन करायला क्लिनिकला गेले. नर्सनं कपडे काढायला लावले, बाळाला पालथं केलं आणि थांबली. कमरेच्या वर निळसर काळा डाग होता, तळहाताएवढा. तिनं त्यावर बोट ठेवून विचारलं, हे कसं झालं. एवढं मला कळलं. डाग जन्मल्यापासूनचा, मी रोज बघायचे, त्यात काय बघायचं असंच वाटायचं. पण तिनं विचारलं आणि मलाच शंका आली, माझ्याच हातानं झालं की काय, अंगठे जोरात दाबते मी. म्हटलं खोटं कशाला. म्हटलं, "आय डू. एव्हरी डे. हार्ड." आणि हातानं करून पण दाखवलं.

तिचं पेन थांबलं. बाळाचं लाल पुस्तक असतं तिकडं, जन्मापासूनचं सगळं त्यात लिहितात, ते तिनं पानं उलटून उलटून बघितलं. डागाचं कुणी लिहिलंच नव्हतं. मग ती आत जाऊन फोनवर बोलली, आणि एका कागदावर लिहून दिलं.

कागद नवऱ्यानं वाचला. गुरुवारी डॉक्टर बघणार होते, आणि पोरांना घरात कुणी मारतं का ते बघणारी कौन्सिलची बाई पण येणार होती.

"तू असं सांगितलंस? जोरात चोळते म्हणून?"

"अहो, खरं तेच सांगितलं."

"खरं कुणी विचारलं होतं तुला!"

मग तो खाली बसला. म्हणाला, इकडं पोरं काढून नेतात, आमच्यातला एकजण सांगत होता. गुरुवारी जायचंच नाही. खोली बदलू. पासपोर्ट आला की हिला गावाला माझ्या आईकडं पाठवू, मोठी झाली की आणू. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊन मागच्या पायरीवर गेले, ती तिथं बसून कोळंबी सोलत होती. मी बाळाचं झबलं वर केलं आणि रडायलाच लागले. तिनं बघितलं आणि ती हसली. खरंच हसली. हात पुसले, पाठीवरच्या पोरीला सोडून फिरवलं, स्वेटर वर केला. तसाच डाग, माझ्या बाळाच्या डागापेक्षा मोठा.

"चायना बेबी, ऑल सेम."

मी कागद दाखवला. तेव्हा तिनं परत कोळंबी घेतली आणि सोलत सोलत सांगितलं. "फर्स्ट बेबी ऑल्सो. टू लेडी कम. आय स्केअर." ती दुकानाच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमागं लपली, दार उघडलं नाही. त्या परत येतील म्हणून महिन्याभरात ती थोरली पोरगी एका ओळखीच्या बाईबरोबर चीनला आपल्या आईकडं पाठवून दिली. आता ती शाळेत जाते. फोनवर आजीला आई म्हणते. "मी, शी कॉल आंटी." हात काही थांबले नाहीत तिचे.

मग म्हणाली, "यू नो सेंड. यू गो."

"आय स्केअर," मी म्हटलं.

"मी ऑल्सो. वी गो."

गुरुवारी नवऱ्याला मी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर गेले नसते. तिनं एप्रन काढला तेव्हा मालक काउंटरवरनं ओरडला, तीही काहीतरी ओरडली, आणि आम्ही दोघी, दोन पोरी, बसमध्ये बसलो.

आत डॉक्टर होते आणि कौन्सिलची बाई, मांडीवर फाइल. माझ्याच्यानं बाळाच्या झबल्याचे बंद सुटेनात. ही थांबलीच नाही. आपली पोरगी सरळ टेबलावर पालथी घातली. "लुक. आय नो हिट. शी नो हिट. सेम!" डॉक्टरनं तिच्या डागावर बोट दाबलं तर पोरगी खिदळायला लागली. मग माझ्या बाळाच्या डागावर दाबलं. ती झोपलेलीच राहिली.

लाल पुस्तकात त्यांनी बाळाचं चित्र काढलं, कमरेवर पेनानं काळं केलं, खाली दोन ओळी लिहिल्या. हा डाग जन्माचाच, मोठी झाली की जातो. मालीश करा, जरा हलकं करा. बाईनं फाइल मिटली आणि माझ्या बाळाला हात लावून गोड आहे म्हणाली.

बसमध्ये तिनं पुस्तक मागून घेतलं. ते पान काढलं, चित्रावरनं बोट फिरवलं.

"फाइव्ह मिनिट. फर्स्ट बेबी ऑल्सो, ओन्ली फाइव्ह मिनिट," ती म्हणाली. तिचा स्टॉप माझाच होता, पण ती बस थांबायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिली, आणि पळतच गेली, दुकान उघडायची वेळ झाली होती.

संध्याकाळी शिफ्टच्या आधी नवरा घरी आला तेव्हा मी ते पान त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"गेलीस? एकटी?"

"खालची आली होती."

"मग आता पासपोर्टचं काय करायचं?"

"तिघांनी मिळून जाऊ तेव्हा बघू," मी म्हटलं.