घशातल्या गाठी आणि माझं खोटं मौनव्रत

गाणाऱ्या माणसाला ताप आला तरी चालतो, पाठीचा मणका सरकला तरी चालतो. लोक हळहळतात, घरी येऊन काढा देऊन जातात. पण 'घशाला औषध चालू आहे' एवढं बाहेर कळलं की आठवड्यात त्याचं 'आवाज गेला त्याचा' होतं, आणि मग बोलावणी थांबतात. म्हणून घशाचं दुखणं आम्ही सगळेच लपवतो. मीही लपवलं. बाकीच्यांनी अक्कल वापरून लपवलं असेल, मी माझी वापरली.

पन्नाशीला टेकलो तेव्हा कुठे मला पुण्याच्या एका संगीत सभेचं बोलावणं आलं. सकाळचं सत्र, चाळीस मिनिटं. सोलापुरात मी पंचवीस वर्षं गातो असं सांगतो. खरं तर शिकवतो, आणि फट मिळेल तिथे गातो. क्लासच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून शिकवायचं. मुली गाणार काळी चारमध्ये, मी काळी एकचा माणूस. त्यांना ऐकून उचलता यावं म्हणून दिवसभर त्यांच्या उंच पट्टीत गळा ताणायचा. याला मी तपश्चर्या म्हणायचो. त्यात पुण्याचं बोलावणं आल्यावर पहाटेचा दोन तासांचा रियाज वाढवला. आठव्या दिवशी षड्ज लावला तर पत्रा ओढल्यासारखा आवाज आला.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर माझाच गळा मला दाखवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. फार देखणा नव्हता.

"हे दिसतंय? दोन्ही स्वरतंतूंवर गाठी आहेत. राजगिऱ्याएवढ्या."

"ऑपरेशन?"

"आधी गप्प बसायचं. तीन आठवडे. क्लास नाही, फोन नाही, साधं 'हं' सुद्धा नाही. तिखट बंद."

"शेंगाचटणी?"

"तिखटच असते की ती?"

"मॅडम, सहा आठवड्यांनी माझा पुण्यात कार्यक्रम आहे."

"मग आजपासूनच सुरू करा. घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच."

"मग सोपंय," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

घरी येऊन मी दारावर पाटी लावली: 'मौनव्रत सुरू आहे. क्लास बंद.' तोच मजकूर, खाली जोडलेले हात टाकून, सगळ्या विद्यार्थिनींना पाठवला. आजार लपला आणि वर थोडं तेजही चढलं, असा माझा हिशोब.

शेजारच्या काकूंनी पाटी वाचली. त्यांच्या घरात तेलुगू, माझ्याशी अस्सल सोलापुरी. रोज सकाळी नळावर "सर, आज लई कोकललाव की, आमचं म्हातारं दचकून उठलं" असं म्हटल्याशिवाय त्यांची घागर भरत नसे. त्या दिवशी मात्र गंभीर होऊन म्हणाल्या, "व्हय सर, कशापायी धरलाव हे? नवस हाय का काय?"

काय खूण करावी सुचेना. मी नुसतंच एक बोट आकाशाकडे केलं.

तेवढ्यानं काम झालं. दुसऱ्या दिवशी काकू नारळ ठेवून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारासमोर खेळणारी पोरं हाकलली: "सरांचं व्रत हाय, पलीकडं मरा!" चौथ्या दिवसापासून त्या नळावर मला बघितलं की डोळे मिटून हात जोडायच्या आणि बाजूला व्हायच्या. कोकलण्याचा विषय संपला. सगळेच विषय संपले. विद्यार्थिनी गुरुवारी येऊन उंबऱ्यावर फुलं ठेवायच्या आणि चोरपावलांनी परत जायच्या. मी आत खुर्चीवर बसून त्यांच्या चपला जिन्यावरून खाली उतरताना ऐकायचो. एकीच्या आईचा मेसेज आला, 'सर, तुमच्या साधनेत व्यत्यय नको म्हणून हिला दुसऱ्या क्लासला घातलंय.' खाली नमस्कार, तीन वेळा.

आजारी आहे म्हणालो असतो तर कोणी मऊ भात घेऊन आलं असतं, शेजारी बसून आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली असती. मला नुसतं ऐकायचंच तर होतं. पण संताशेजारी बसून सुनेबद्दल कोण बोलणार?

दहाव्या दिवशी मला राहवेना. बोलायला बंदी आहे, पण कुजबुजायला काय हरकत आहे? त्यात आवाज कुठे लागतो? गळ्यावर पोट भरणाऱ्या माणसाचं हे ज्ञान. मी रेडिओवरच्या निवेदकासारखा कुजबुजू लागलो. "रसिकहो, आपले कलाकार आता कुकर लावत आहेत... एक शिट्टी झालेली आहे..." तंबोऱ्याला दिवसाच्या बातम्या सांगायचो. आरशापुढे उभं राहून पुण्याच्या श्रोत्यांना नमस्कार करायचो. एकदा सुरू झालो की तासभर थांबत नसे.

पंधराव्या दिवशी पुण्याहून आयोजकांचा फोन आला. नाव दिसलं आणि विचार न करता मी तो कानाला लावला.

"बोलू नका, बोलू नका!" तेच घाईघाईनं म्हणाले. "सोलापूरच्या एका स्नेह्यांकडून कळलं. फार मोठी गोष्ट करताय तुम्ही. आम्ही तुमचं व्रत मोडायला लावणार नाही. तुमच्या जागी एका मुलीची सोय केलीय, छान गाते. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

मी फोन घट्ट धरून उभा. व्रतबित काही नाही, अजून महिना आहे, तोवर बरा होतो, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर पत्राच वाजला असता, आणि मग व्रताच्या जागी 'आवाज गेला' पुण्यापर्यंत पोचलं असतं. पलीकडे त्यांनी भारावून दोनदा "धन्य आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर मी खरं काय ते सविस्तर टाइप केलं, दोनदा वाचलं आणि पुसलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कमी व्हायला हव्या होत्या. सूज उलट वाढलीय. बोललात?"

मी मान हलवली. नाही.

"कुजबुजलात?"

मी वहीत लिहिलं, 'थोडंसं.'

"अहो, कुजबुजताना तर तंतू जास्त ताणले जातात! आता परत तीन आठवडे. कोणाशी बोलत होता एवढं? एकटे राहता ना?"

वही पुढे करून त्या उत्तराची वाट बघत होत्या. मी पेनाचं टोपण लावलं.

म्हणजे कार्यक्रम हातात असता तरी मी गाऊ शकलो नसतोच. याचं समाधान वाटायला हवं होतं. एका खोटेपणानं कार्यक्रम घालवला, दुसऱ्या शहाणपणानं आवाज. काम वाटून घेतलं होतं त्यांनी.

पुण्याच्या सभेच्या सकाळी तिचं थेट प्रक्षेपण मोबाईलवर होतं. आंघोळ करून, झब्बा घालून मी समोर बसलो. झब्बा का घातला हे विचारू नये. माझ्या जागी गाणारी मुलगी विशीतली होती. ती बेसूर व्हावी अशी माझी प्रामाणिक इच्छा होती. पहिली दहा मिनिटं मी वाट पाहिली. गंधारावर ती थोडी डळमळली तेव्हा मी सरसावून बसलो. पण तिनं तोच गंधार परत घेतला, त्याच्यावर थांबली, इतकी थांबली की तबलजी हसला, आणि मग अलगद समेवर येऊन उतरली.

"वा!"

माझ्या तोंडून गेलं. सहा आठवड्यांतला पहिला मोठा शब्द. खोलीत तो केवढा तरी वाटला. खरखर होती का? नव्हती बहुतेक. परत म्हणून बघायची परवानगी नव्हती.

खाली दाद द्यायला चौकट होती. मी लिहिलं, 'गंधार फार सुंदर.' पाठवणार तेवढ्यात लक्षात आलं, पुण्यात माझ्या नावाला आता व्रत चिकटलंय. साधनेतला माणूस सकाळी सकाळी मोबाईलवर काय करतोय म्हणतील. पुसून टाकलं. ती द्रुतकडे वळली. मी ओठ घट्ट मिटले आणि मांडीवर ताल धरून बसलो.