‘होम’ म्हणजे घर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्ही समोर दिसत नाही, म्हणून लिहून सांगते. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगताना माझी चूक झाली. साधाच शब्द. ‘होम’.

चूक म्हणाले ना मी? बघा, सुरुवातच कशी केली.

तेव्हा मी चाळिशीतली. मानवतला घर आणि एसटीनं अर्ध्या तासावरच्या गावात प्राथमिक शाळेची नोकरी. माझ्यातल्या तेव्हाच्या त्या बाईचं काय सांगू तुम्हाला — खांद्याला पर्स, मनगटाला घड्याळ, दर तिसऱ्या वाक्यात ‘नियमानुसार’. गल्लीत कुणाचा दाखला, कुणाचं तहसीलचं पत्र, सगळे वाचून घ्यायला आमच्याच दारात. मास्तरीणबाई सांगतील ते खरं. आणि बाई अशा फुगायच्या की कढईतली पुरी लाजावी.

वर्षा, माझी एकुलती पोरगी, त्या वर्षी बारावी झाली. लय चांगले मार्क पडले. तिला पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं होतं. हट्ट करणाऱ्यातली ती नव्हती. वहीच्या शेवटच्या पानावर कॉलेजचं नाव लिहून ठेवलेलं, एवढंच.

प्रवेशाची माहितीपुस्तिका आली. जाडजूड, सगळी इंग्रजीत. ह्यांनी दोन पानं चाळून माझ्याकडे सरकवली. “तूच बघ. मला त्यातलं काय कळायलंय?”

मी बघितलं. पेन्सिल घेऊन, नीट. ज्या विद्यापीठाच्या भागात बारावी केली ते आपलं ‘होम’. म्हणजे आपलं नांदेड विद्यापीठ; मानवत, परभणी सगळं त्यातच. पुण्याच्या कॉलेजात बहुतेक जागा पुण्याच्या भागातल्या मुलांना. इथवर खरं. पण त्याच परिच्छेदात पुढची ओळ होती — उरलेल्या जागा बाहेरच्या भागांतल्या मुलांसाठी. म्हणजे आपल्यासाठी. मी पुस्तिकेच्या मागच्या पानांवर जाऊन गेल्या वर्षीच्या प्रवेशांची यादीही काढली. बाहेरच्यांतल्या शेवटच्या मुलाला किती मार्क होते ते पाहिलं. वर्षाला त्याहून जास्त होते.

कळलं ना तुम्हाला? मला माहीत होतं.

मग मी पुस्तिका मिटली आणि वर्षाला हाक मारली. “आपलं होम नांदेड हाय बाई. नियमानुसार पुण्याच्या जागा पुण्याच्या पोरांना. उगं तिथलं लिहून पसंती वाया घालू नको.” तिनं एकदाच विचारलं, एकसुद्धा जागा नसते का? मी म्हणाले, होम म्हणजे घर; दुसऱ्याच्या घरात आपल्याला कोण जागा देणार? वर्गात शब्दार्थ सांगावा तसं खोटं सांगितलं, आणि तिनं तसंच लिहून घेतलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही हो. आईनं वाचलंय म्हटल्यावर तिनं वाचलं नाही.

का केलं मी असं?

पोर लांब जाईल, शहर परकं, हॉस्टेल कसलं असेल — ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला पुरवली. सगळी बनावट. खरं कारण लिहायला हात कचरतो, इतकं ते बारीक आहे. भाकरी. सकाळी साडेसहाची माझी एसटी. सासूबाईंना तव्यावरची गरम भाकरी लागायची, शिवाय ह्यांचा डबा, माझा डबा. ते सगळं वर्षा करायची, नववीपासून. बारावीच्या पेपरादिवशीसुद्धा. ती गेली असती तर पहाटे मला उठावं लागलं असतं. बस्स. दोन तासांच्या झोपेवर मी माझ्या पोरीचं पुणं ओवाळून टाकलं. किळस येते लिहिताना. येऊ दे.

याहून घाण पुढं आहे. वर्षाला परभणीत सिव्हिल इंजिनिअरिंगला जागा मिळाली. भाकरी थापून, आंघोळ करून ती रोज बसनं जायची-यायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, मास्तरीणबाईंचा जीवच निघत न्हाई पोरीतून, आईची माया बघा. मी पदर डोळ्यांना लावायचे. डोळे ठणठणीत कोरडे! पहिल्यांदा लावला तेव्हा मनात काय म्हटलं होतं ते आठवतं मला — जमलं.

आता वर्षा परभणीतच एका बांधकामवाल्याच्या ऑफिसात नकाशे काढते. तक्रार करत नाही. कुणी विचारलं तर सांगते, आमच्या वेळी मराठवाड्याच्या पोरींना पुणं नव्हतंच, आईनं सगळं पुस्तक वाचलं होतं. मी तिथं असले तर मान हलवते. हो, हलवते.

यंदा तिच्या मुलीचा, साक्षीचा, इंजिनिअरिंगचा फॉर्म. रविवारी दुपारी परभणीला दोघी लॅपटॉपसमोर बसलेल्या, आणि मी मधे नाक खुपसून. साक्षीनं पहिल्या पसंतीला पुणं टाकलं. वर्षा म्हणाली, अगं नको, पहिली पसंती वाया जाईल, आपलं होम नांदेड आहे, विचार आजीला. पोर माझ्याकडे वळली.

पंचवीस वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य, आता नातीच्या वाटेत उभं. तेव्हा तरी तोंड उघडावं ना? मी चष्मा पुसत बसले.

साक्षीनंच स्क्रीनवर बोट ठेवलं. “असं काय न्हाई, मम्मी. बाहेरच्यांच्या जागा वेगळ्या असतात. हे बघ ना, लिहिलंय.”

वर्षानं ती ओळ वाचली. परत वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

“आमच्या वेळी नियम वेगळे होते,” मी म्हणाले. आवाज अगदी तोच, मास्तरीणबाईंचा. साक्षी म्हणाली, नाही आजी, सर सांगत होते, हा नियम लय जुना आहे, मम्मीच्या वेळीही हाच होता.

वर्षानं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? मला नाही वाटत. तिनं मला उठवलं, माझी खुर्ची उचलली, पुढच्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन हळूच म्हणाली,

“आई, तू जरा बाहेर बस. साक्षीचा फॉर्म झाला की बोलवते तुला.”